आपला कुत्रा

कुत्रा दिगंबर वाळिंब्यांचा नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दिगंबरसरांनी स्वतः ते गेली दोन वर्षं विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगितलं होतं. कुत्रा जिन्याखाली झोपायचा आणि जिना उतरायचा तो नेमका वाळिंब्यांच्या दाराशी, याला सर काय करणार? पोळी त्याला इंदिराबाई घालायच्या, पण ती उरलेली पोळी असायची. आता रोज दोन पोळ्या उरायच्या, कारण रोज दोन जास्तीच्या लाटल्या जायच्या, हा भाग वेगळा. त्यात मालकीचा प्रश्न येतो कुठे, असं सरांचं म्हणणं होतं.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला त्यांची सोसायटी. फ्लॅट बारा, पण निम्म्यांना कायम कुलूप. मुंबईच्या लोकांनी हवा खायला म्हणून घेतलेले ते फ्लॅट. मालक शनिवारी येतात, गच्चीवरून डोंगराचे फोटो काढतात आणि रविवारी चिक्कीचे खोके घेऊन परत जातात. बाकीच्या घरांत माणसं राहतात, आणि त्या प्रत्येक घराने या कुत्र्याला आपापलं नाव ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरचा मुकुल कंपनीचं काम घरून करायचा आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद फोनवरून. तो त्याला रॉकेट म्हणायचा. चेअरमन यशोधराबाई 'तो प्राणी' म्हणायच्या. इंदिराबाईंनी बाळ्या ठेवलं होतं. औंढ्याहून दूध घालायला येणारा बजरंग नुसतं 'ए कुत्र्या' म्हणायचा, आणि कुत्रा सगळ्यांत आधी त्याच्याच हाकेला धावायचा, कारण बजरंगाच्या हातात किटली असायची. सर मात्र त्याला काहीच म्हणत नसत. जो आपला नाही त्याचं बारसं आपण का करावं?

आता 'आपला' या शब्दापाशी जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा याच शब्दाने केला. सरांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आणि मराठीत त्यांचा जीव होता सर्वनामांवर. 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून आणि 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, हे त्यांनी पोरांच्या डोक्यात अक्षरशः कोंबलं. 'आम्ही जेवायला बसतोय' म्हटलं की पाहुण्याने घरी जायचं आणि 'आपण जेवायला बसू' म्हटलं की हात धुवायचे, एवढा फरक एका शब्दाने पडतो, असं ते सांगत. एका मुलाने 'आम्ही सारे भारतीय बांधव' असं लिहिलं तेव्हा, परीक्षक भारतीय नाहीत का, असा शेरा मारून त्यांनी त्याचा अर्धा गुण कापला होता. निवृत्त झाल्यावर गुण कापायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते सोसायटीच्या सूचना फलकावर लाल पेन चालवू लागले.

तर झालं असं की तळेगावहून यशोधराबाईंची बहीण आली. तिच्या पिशवीत सुकट होती. कुत्र्याने पिशवीचा वास घेतला, पिशवीसोबत पदरही तोंडात आला आणि बाईंनी जिन्यात असा आवाज केला की बंद फ्लॅटमधलेही लोक जागे व्हावेत. चावला नाही, ओरखडाही नाही. पण पदर सोडवून घेताना बहिणीने विचारलं, याला लस दिलीय का? आणि दोन वर्षांत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता, हे एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुत्राही बघत होता, पण पिशवीकडे.

संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. यशोधराबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे माणूस उभा राहिला की आपण कर्जच मागायला आलोय असं वाटतं. त्यांनी दोन पर्याय ठेवले. रविवारपर्यंत त्या प्राण्याला लस टोचून तसा कागद आणायचा, नाहीतर त्यांच्या भाच्याचं तिकोणा पेठेला शेत आहे, तिथे त्याला गाडीत घालून सोडून यायचं. तिकडे हवा मोकळी आहे, असंही त्या म्हणाल्या. लोणावळ्यात राहून मोकळ्या हवेसाठी कोणाला बाहेर पाठवायचं म्हणजे नवलच, पण बँकेतल्या माणसाला कोण विचारणार?

बजरंग रिकामी किटली घेऊन फाटकाशी उभा होता. तो म्हणाला, "कुत्री ऱ्हात न्हाईत तितं, मावशी. बिबट्या नेतोय."

सरांनी सहज म्हणून जिन्याकडे पाहिलं. कुत्रा त्यांच्याच चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता. सरांच्या पोटात एकदम खड्डा पडला. तो त्यांनी दुपारच्या साबुदाण्याच्या खिचडीच्या खात्यावर टाकला, पण खड्डा काही बुजेना.

तेवढ्यात मुकुल म्हणाला की लस द्यायला हरकत नाही, पण तो काही आमचा कुत्रा नाही. झालं. सर उभे राहिले. आमचा नाही हे मान्य, पण मग तो आपला आहे, असं म्हणून त्यांनी तासभर पुरेल एवढं व्याकरण पाच मिनिटांत सांगितलं. आपला म्हणजे बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचाही. या पार्किंगमध्ये जे जे बसलेत त्या सगळ्यांचा. तेव्हा लसही आपण द्यायची आणि खर्चही आपण वाटून घ्यायचा. सभेला हे इतकं पटलं की टाळ्या पडल्या. लस म्हणजे काय, शे-दोनशेचं काम, घरटी चहाचे पैसे. आणि कुत्र्याला न्यायला सर होतेच, कारण त्यांना दुसरा उद्योग नव्हता. हे शेवटचं वाक्य यशोधराबाईंचं. सर निवृत्त असले तरी ते त्यांना लागलं.

सल्ले त्याच रात्रीपासून सुरू झाले. तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, न्यायच्या आधी उपाशी ठेवा. काका म्हणाले, भरपेट खायला घाला म्हणजे सुस्त राहतो. मुकुलने फोनवर सात चित्रफिती पाठवल्या. त्यातल्या चार परदेशी कुत्र्यांच्या होत्या आणि एक मांजराची. बजरंग म्हणाला, सरकारी दवाखान्यात न्या, तितं आमी जनावरं नेतो, चहाच्या पैशात काम व्हतंय. सरांना सरकारी शब्दाचा मुळातच आदर. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याच्या गळ्यात इंदिराबाईंच्या जुन्या परकराची नाडी बांधून ते निघाले. नाडी गुलाबी होती. दुसरी नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते. ते गुरांना लस टोचायला वडिवळ्याला गेले होते. तिथल्या परिचराने जनावर कोणतं ते विचारलं आणि कुत्रा म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला. लस होती. डॉक्टर दुपारी येणारही होते. पण अडचण बाटलीची होती. एका बाटलीत दहा कुत्र्यांची लस असते, एकदा फोडली की संपवावी लागते, आणि एका कुत्र्यासाठी फोडली तर बाकीची वाया गेली असं लिहून वर उत्तर द्यावं लागतं. तेव्हा आणखी नऊ कुत्री जमवून आणा, लगेच टोचू, असं तो अगदी आपुलकीने म्हणाला. पैसे कमी पडणार नव्हते, फक्त कुत्री कमी पडत होती.

दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. पण सरांनी एकेका वर्गात साठ-साठ पोरं सांभाळली होती, त्यांना नऊ कुत्र्यांचं काय मोठं वाटणार? त्यांनी बाजारातून बिस्किटांचे पुडे घेतले. मासळीबाजाराच्या मागे पाच कुत्री मिळाली, एक रिक्षास्टँडवर, दोन वडापावच्या गाडीपाशी. अशी मिरवणूक घेऊन माजी मराठी शिक्षक दिगंबर वाळिंबे भर बाजारातून चालले, एका हातात गुलाबी नाडी, दुसऱ्यात बिस्किटं, आणि दोन्ही बाजूंनी माजी विद्यार्थी आपापल्या दुकानांतून नमस्कार करत होते. नववं कुत्रं त्यांनी दवाखान्याच्या फाटकाशी झोपलेलं पाहून ठेवलं होतं. तिथपर्यंत बिस्किटं पुरली नाहीत. पुडा संपला तसे आठही जण आले तसे निघून गेले, जाताना दोघांनी आपसात भांडण काढलं, आणि त्या गर्दीत सरांच्या धोतराचा, म्हणजे त्या दिवशी पायजम्याचा, एक पाय गुडघ्यापर्यंत फाटला. सरकारी बाटली तशीच बंद राहिली.

संध्याकाळी मुकुलने दोन बोटांत प्रश्न सोडवला. घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्राण्यांचा एक नवा खासगी दवाखाना झाला होता, त्याची वेळ त्याने फोनवरूनच घेतली. किती घेतात, असं सरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, रूटीन व्हॅक्सिनेशन आहे सर, काय घेणार? हा रूटीन शब्द सरांनी ऐकला आणि सोडून दिला. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने कुत्र्याचं भाडं वेगळं सांगितलं आणि थांबण्याचं आणखी वेगळं. कुत्रा मात्र जन्मभर रिक्षाने हिंडल्यासारखा मागच्या सीटवर ताठ बसला आणि सर अंग चोरून कडेला. दवाखाना सगळा काचेचा. आत गारवा, माशांची टाकी, आणि भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांची चित्रं. सरांचे स्वतःचे डॉक्टर जुन्या बाजारात एका बोळात बसतात, पंखा पेशंटच्या अंगावर वळवतात आणि दीडशे रुपयांत रक्तदाब, खोकला आणि राजकारण तिन्ही तपासतात. इथे चपला काढायच्या का, असं सरांनी दारातच विचारलं.

काउंटरवरच्या मुलीच्या कोटावर 'अनुष्का' अशी पट्टी होती. मुलगी मोठी आर्जवी. तिने कुत्र्याकडे पाहून हसत विचारलं, "सर, आपलाच ना?"

सरांना भरून आलं. हल्लीच्या पिढीत इतका नेमका शब्द कोण वापरतं? सोसायटीने ज्यावर टाळ्या वाजवल्या तो अर्थ या मुलीला न सांगता कळला होता. "हो, आपलाच," ते म्हणाले, आणि वर मान डोलावली.

मराठीत 'आपला' म्हणजे आपल्या सगळ्यांचा. 'आपला' म्हणजे स्वतःचाही. आणि समोरच्याला आदराने 'तुमचा' म्हणायचं असेल तरीही 'आपला'च. हे तिन्ही अर्थ सरांनी तीस वर्षं फळ्यावर एकाखाली एक लिहिले होते. पण फळा वेगळा आणि काउंटर वेगळा. अनुष्काने 'तुमचाच ना' म्हणून विचारलं, सरांनी 'सगळ्यांचाच' म्हणून सांगितलं, आणि संगणकात जे गेलं ते गेलं. मग तिने पालकांचं नाव विचारलं. सर गोंधळले. उद्या पालकांना घेऊन ये, हे वाक्य त्यांनी जन्मभर इतरांना ऐकवलं होतं; पालक म्हणून आपल्यालाच उभं राहावं लागेल अशी कल्पना नव्हती. त्यांनी नाव सांगितलं. पेशंटचं नाव विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून इंदिराबाईंचं ठेवलेलं नाव निघून गेलं. थोड्या वेळाने आतून स्वच्छ आवाजात पुकारा झाला: बाळ्या दिगंबर वाळिंबे.

बाकावर बसलेला एक तरुण झटकन उठून पाया पडला. श्रीयश. शेवटच्या बाकावरचा. आता तो मुंबईकरांचे बंगले सांभाळायचा आणि त्यांची कुत्रीही. त्याच्याजवळ घोड्याएवढं, निळ्या डोळ्यांचं एक कुत्रं धापा टाकत बसलं होतं. सर्वनामांच्या प्रश्नाला सरांनी आपल्याला शून्य दिलं होतं, अशी आठवण त्याने फार कौतुकाने सांगितली. मग त्याने बाळ्याकडे पाहिलं, गुलाबी नाडीकडे पाहिलं, आणि सर, छान ठेवलाय तुम्ही, असं म्हणून तो सोबत म्हणून आतच आला. या एका गोष्टीने सरांचे हात बांधले गेले. ज्याला आपण शून्य दिलं त्याच्यासमोर भाव कसा विचारायचा?

डॉक्टर तरुण, हात हलका, स्वभाव गोड. आणि त्यांच्या तोंडी सारखं 'आपण'. आपण वजन बघू. आपण ताप बघू. आपण रेबीजची लस देऊ, सोबत बाकीच्या रोगांचीही देऊन टाकू. आपण जंतांचं औषध देऊ. याला गोचीड झालेत, आपण गोळी देऊ. आपण थोडं रक्त तपासून घेऊ. आपण नखं काढू, आणि औषधी आंघोळ घालू. सगळं रूटीन आहे, सर. दरवेळी ते सरांकडे बघत आणि दरवेळी सर श्रीयशकडे बघून, अर्थातच, असं म्हणत. डॉक्टरांच्या या 'आपण'मध्ये काम डॉक्टर करतात आणि पैसे दुसरा देतो, हा चौथा अर्थ व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात दिलेला नव्हता.

शेवटी डॉक्टरांनी कुत्र्याचं तोंड उघडून आत बॅटरी मारली. मागच्या दातांवर किटण धरलंय म्हणाले. आज नको, पण पुढच्या महिन्यात भूल देऊन साफ करून घेऊ. साधारण सहा हजार. रूटीन. सरांची जीभ आपसूक स्वतःच्या उजव्या दाढेवर गेली. त्या दाढेला टोपी बसवायची म्हणून तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितल्याला वर्ष होऊन गेलं होतं. सहा हजार ऐकून सरांनी ती दाढ तशीच ठेवली होती आणि तेव्हापासून ते शेंगदाण्याची चिक्की डाव्या बाजूने खात होते. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं, न जाणो डॉक्टर त्यांच्याही तोंडात बॅटरी मारायचे.

मग बिल आलं. आठ हजार सहाशे चाळीस.

सरांना आधी वाटलं की हा फोन नंबरचा भाग असावा. मग वाटलं की श्रीयशच्या घोड्याचं बिल चुकून आपल्याकडे आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच. गोचिडांची एक गोळी अठराशेची. एक गोळी. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं वर्ष निघालं असतं. आणि ज्या रेबीजच्या लसीसाठी एवढा प्रपंच केला ती कुठेतरी मधल्या ओळीत साडेचारशेला पडून होती. खुर्चीचा हात कुठे आहे ते सापडेना. अनुष्काने आपुलकीने पाण्याचा ग्लास दिला. पाणी फुकट आहे ना, हे सरांनी मनातल्या मनात विचारलं.

खिशात सहाशे रुपये होते. श्रीयश लगेच फोन काढून, सर राहू द्या, मी देतो, असं म्हणायला लागला. शून्य दिलेल्या मुलाकडून आठ हजार घ्यायचे म्हणजे सगळ्या नोकरीवर पाणी. सरांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. इंदिराबाईंना भिशीमुळे फोनवरून पैसे पाठवता यायचे. आकडा सांगताना सरांचा आवाज इतका बारीक झाला की तो दोनदा सांगावा लागला.

मग इंदिराबाईंनी विचारलं, "इंजेक्शन देताना रडला का तो?"

"नाही," सर म्हणाले. रडायला मी आहे, असं पुढे जिभेवर आलं होतं. पण पैसे तेवढ्यात जमा झाले.

बाहेर रिक्षात चढता चढता कुत्रा खोकला आणि त्याच्या तोंडातून काहीतरी टप्पकन गटाराच्या कडेला पडलं. गोळी. अठराशेची गोळी त्याने गालात धरून ठेवली होती. माजी शिक्षक दिगंबर वाळिंबे घाटाच्या रस्त्यावर, पर्यटकांच्या गाड्या शेजारून जात असताना, गुडघ्यांवर बसून गटारात हात घालून ती गोळी शोधायला लागले. सापडली. पुसली. रिक्षावाल्याकडून पाणी मागून धुतली. मग समोरच्या गाडीवरून बटाटेवडा आणून त्यात ती खुपसली आणि कुत्र्याला भरवली. कुत्र्याने वडा खाल्ला आणि दुसऱ्याकडे पाहिलं. सरांनी तोही आणला. आठ हजारांपुढे आता वड्याचा काय हिशेब?

रविवारी पुन्हा खुर्च्या मांडल्या. सर हिशेब घेऊन बसले होते. कागद यशोधराबाईंनी वाचला, मग मुकुलने, मग तळमजल्यावरच्या काकांनी, आणि प्रत्येकाने वाचून झाल्यावर तो विस्तव असल्यासारखा पुढच्याकडे दिला. दुधाचे पैसे न्यायला थांबलेला बजरंग आकडा ऐकून खाली वाकला आणि त्याने कुत्र्याला नीट चारही बाजूंनी पाहिलं.

"एवढ्यात गाभण शेळी यील, सर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, काळजी होती.

आणि मग सोसायटीला एकदम व्याकरण आठवलं. मुकुलने लसीचं कार्ड पाहिलं. त्यावर मालक म्हणून दिगंबर वाळिंबे आणि पेशंट म्हणून बाळ्या दिगंबर वाळिंबे असं छापलं होतं. म्हणजे सर, टेक्निकली तो तुमचाच आहे, असं तो फार हळुवारपणे म्हणाला. काका म्हणाले, लसीचे पैसे देऊ की, घरटी पंच्याहत्तर बसतील. नखांचे आम्ही का द्यायचे? काकू म्हणाल्या, आमच्या ह्यांची नखं मी घरीच काढते. सर उभे राहिले आणि आपला, आपला असं सांगायला लागले. तो आपला आहे असं आपण ठरवलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या, आता एकटा मी कसा? त्यांना पैशाचा राग आलाच होता, पण त्याहून राग शब्द फिरवल्याचा होता.

यशोधराबाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. बँकेतली सवय. मग त्यांनी कार्ड उलटं केलं. मागे पुढच्या तारखा होत्या: महिन्याने दुसरा डोस, तीन महिन्यांनी जंत, दर वर्षी सगळं पुन्हा, आणि दात.

"ठीक आहे सर, मान्य," त्या म्हणाल्या. "आपला म्हणता, तर आपला. तुमचे आठ हजार आपण वाटून घेऊ, बंद फ्लॅटवाल्यांकडूनही वसूल करू. पण आपला असेल तर त्याचं पुढे काय करायचं तेही आपणच ठरवायचं. आणि दरवर्षी हा खर्च आपल्याला झेपणार नाही. लस झालीच आहे, उद्या गाडी तिकोण्याला जातेय. हात वर करा."

मुकुलने हात अर्धा वर केला. काकांनी पूर्ण. काकूंनी काकांकडे बघून. हात वर जाताना सरांनी पाहिले आणि त्यांना कळलं की त्यांचा आयुष्यभराचा लाडका शब्द आता त्यांच्याच अंगावर आलाय. 'आपला' म्हटलं की आठ हजार परत मिळतात आणि कुत्रा बिबट्याला जातो. बस्स, एवढाच हिशेब होता. इंदिराबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात पोळीचा डबा होता आणि तो त्यांनी घट्ट धरला होता. औषधी आंघोळीने चमकणारा कुत्रा पार्किंगच्या मधोमध बसला होता आणि एवढे हात वर गेलेले पाहून त्याला वाटलं की सगळ्यांच्या हातात काहीतरी आहे. तो शेपटी हलवत एकेका हाताकडे बघत होता. सरांना ते बघवेना. घशाशी काहीतरी दाटून आलं, आणि या वेळी खिचडीचं नाव घ्यायची सोय नव्हती, कारण ते सकाळपासून जेवलेच नव्हते.

"हात खाली घ्या," सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच. आणि हात खाली आलेही, यशोधराबाईंचासुद्धा.

"तो आपला नाही," ते म्हणाले. "तो आमचा आहे. आमचा म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून."

मग त्यांनी बिलाची घडी करून खिशात घातली. सगळे त्या खिशाकडे बघत राहिले, कारण आठ हजार सहाशे चाळीस रुपये माणूस असे हसत हसत, म्हणजे न हसता का होईना, खिशात घालतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. यशोधराबाईंनी तशी नोंद करून घेतली आणि पाळीव प्राण्यांच्या मालकांनी जिना पुसून घ्यावा असा ठरावही त्याच दमात करून टाकला. मुकुलने सभा संपल्यावर हळूच येऊन सरांच्या हातात पंच्याहत्तर रुपये ठेवले. नखांसाठी, म्हणाला. सरांनी ते परत दिले. आता तो विषय आम्ही आणि तुम्ही असा झाला होता.

त्या रात्री बाळ्या जिन्याखाली नाही, आत दिवाणखान्यात झोपला. तशी त्याला कोणी परवानगी दिली नव्हती. सरांची दुसरी चप्पलही त्याने आत नेली होती.

महिना सरत आला तसा एका सकाळी फोन वाजला. काउंटरवरची अनुष्का होती, तितकीच आर्जवी.

"नमस्कार सर. आपल्या बाळ्याचा दुसरा डोस आहे, आणि दातांचंही ठरलं होतं."

"आपल्या नाही," सर म्हणाले. "आमच्या. आमच्या बाळ्याचा."

"हो सर, तेच ते," ती म्हणाली.

तेच ते नाही, हे तिला समजावून सांगायला सरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिने दोन्हींची मिळून रक्कम सांगितली. सर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. बाळ्या आतून आला, शेजारी बसला आणि त्याने जांभई दिली. सरांनी पाहिलं, मागच्या दातांवर किटण होतं खरं. त्यांनी जिभेने आपली उजवी दाढ एकदा चाचपून पाहिली, आणि फोनमध्ये म्हणाले की शनिवारी सकाळची वेळ लिहून घ्या.